शिलाई मशीनला टर्बो

साखळीला टांगलेलं ते इंजिन गॅरेजच्या अगदी मधोमध लोंबत होतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याला वळसा घालूनच पुढे जावं लागे. सहा सिलिंडरचं, कुठल्याशा ठोकलेल्या मोठ्या गाडीतून काढलेलं आणि धुऊनपुसून लखलखीत केलेलं. धाकट्याने ते मुद्दाम तिथे टांगलं होतं. ताई आली की दुसरीकडे कुठे बघायला तिला जागाच राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

"बघ," तो म्हणाला आणि हातातल्या फडक्याने त्याने इंजिनाच्या पोटावर दोन थापा मारल्या. "सोमवारी तुझ्या गाडीतलं ते शिलाई मशीन बाहेर काढतो आणि हे आत ठेवतो. आठवडाभरात गाडी घेऊन जा. विषय संपला."

"विषय सुरू कधी झाला?" ताई म्हणाली. "मी तुला हे विचारलं कधी?"

"तुला विचारायला वेळ लागतो. म्हणून मी आधीच ठरवून टाकलं."

पलीकडे वेल्डर खाली मान घालून हसला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, तसा त्याने घाईघाईने चेहऱ्यावर काच ओढून घेतली. हातात वेल्डिंगचं काहीच नव्हतं, तरीही.

धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. पन्नाशीला टेकला होता, गॅरेजचा मालक होता, गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणत. पण ताई आणि आई अजूनही त्याला बाळ्या म्हणत आणि तो निमूट ओ देई. मनाने वाईट नव्हता. उलट फारच चांगला होता, आणि हीच ताईची अडचण होती. कुणाचं काही बिघडलं की "तू राहू दे, मी करतो" म्हणत तो पुढे होई, आणि एकदा पुढे झाला की थांबत नसे. ताई शाळेत असताना तिच्या सायकलची साखळी सारखी उतरायची. धाकट्याने ती दुरुस्त करायला घेतली. आधी साखळी बदलली. मग साखळीला साजेशी चाकं आणली, चाकांना साजेशी दांडी आणली, मग सीट उंच केली, इतकी की ताईचे पाय टेकेनात. सायकल फार झकास झाली. फक्त ती आता धाकट्याची झाली होती. जुन्या सायकलची घंटी तेवढी त्याने काढून ताईच्या हातात ठेवली होती, "ही तुझी" म्हणून.

ताईने पुढे लग्न केलं नाही. ती दातांच्या कवळ्या करायला शिकली आणि त्यात इतकी मुरली, की चढावरच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर अवघड काम आलं की दुसऱ्या कुणाकडे पाठवतच नसत. तिची प्रयोगशाळा म्हणजे हॉस्पिटलला लागून एक लांबट खोली होती. तिथे मेणाचा वास, प्लास्टरची भुकटी, एक छोटी भट्टी आणि कपाटात ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. गावातले लोक तिला कवळीताई म्हणत. अर्थात तोंडावर नाही. तिच्या हाताला चूक ठाऊक नाही, असं डॉक्टर म्हणत. तेही तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं आणि तिने ते जपून ठेवलं होतं.

आणि मग एके दिवशी, कुणालाही न विचारता, तिने गाडी घेतली.

दोन दारांची लाल कूपे. बुटकी, रुंद, मागे छोटा पंख. बघणाऱ्याला वाटावं, ही आता उडणार. पण कंपनीने स्वस्तात स्पोर्ट्स गाडी विकायची म्हणून तिच्या पोटात आपल्या साध्या घरगुती गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवून दिलं होतं. सपाटीवर ते बरं चाले. हॉस्पिटलचा चढ लागला की मात्र ते गुणगुणायला लागे आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसाशी गप्पा मारता येतील इतकी हळू होई. रोज सकाळी चढाच्या मध्यावर बेकरीची व्हॅन तिला मागे टाकी. व्हॅनवाला जाताना हात हलवून सलाम ठोकी. सलाम मनापासूनचा असे, म्हणूनच जास्त लागे.

"मागे कोण बसणार या गाडीत?" आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मागे कुणी बसायचंच नाही, आई."

"अगं मग घेतलीस कशाला?"

"पुढे बसायला."

तर मुद्दा हा, की चढ चढायला जोर हवा. आणि धाकट्याच्या मते जोर म्हणजे सहा सिलिंडर.

ताईने फडकं त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवलं. त्याशिवाय तो तिच्याकडे बघत नसे. "मी टर्बो लावणार आहे," ती म्हणाली. "याच इंजिनाला."

"टर्बो! शिलाई मशीनला!"

"हो, शिलाई मशीनला."

टर्बोची गोष्ट तिने पुस्तकात वाचली होती आणि वाचल्यापासून ती तिच्या डोक्यातून जायला तयार नव्हती. इंजिनातून जळून बाहेर पडणारी गरम हवा आपण सायलेन्सरवाटे फेकून देतो. तीच हवा वाटेत एका छोट्या पंख्यावर सोडायची. तो पंखा गरगरतो आणि दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्तीची ताजी हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून जोर जास्त. दुसऱ्याच्या घरून काही आणायचं नाही. जे आपलंच वाया जात होतं, त्याच्याच जिवावर चढायचं. ताईला यात काहीतरी फार न्याय्य वाटलं होतं.

"ताई, ऐक माझं," धाकटा समजावणीच्या सुरात म्हणाला. या सुराची तिला लहानपणापासून भीती होती. "ते इंजिन कंपनीने भाजी आणायला बनवलंय. भिंती पातळ, पिस्टन हलके. त्यात हवा कोंबलीस तर फुगलेल्या कागदी पिशवीसारखं फुटेल. हे सहाचं बघ. याला घामसुद्धा येणार नाही."

"आणि ते बसवायला काय काय करशील?"

"थोडंफार."

"सांग की."

"गिअरबॉक्स त्याचाच लागेल. रेडिएटर मोठा. पुढच्या स्प्रिंगा. बॉनेट जरा कापावं लागेल."

"नाक जड होईल. वळणावर मी स्टिअरिंग फिरवीन आणि गाडी सरळ जाईल."

"मग स्टिअरिंगही बदलू!"

"बदल. मग माझं काय उरेल, बाळ्या? दारं?"

"दोन दारं, पंख, आणि..."

"आणि घंटी," ताई म्हणाली.

गॅरेजच्या कोपऱ्यात स्पेअर पार्ट्सची खोली होती. तिच्या खिडकीतून हे सगळं ऐकणारी भावजय, म्हणजे धाकट्याची बायको, एवढं ऐकून बाहेर आली. सायकलची कथा तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळली होती. "एकदा करू द्या हो वन्संना," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं सहाचं काय, लोंबतंच आहे. पळून जातंय का?"

धाकट्याने साखळीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "ठीक. एकदा. इंजिनाने दगा दिला, तर पुन्हा एक शब्द बोलायचा नाहीस. मी सहाचं बसवणार."

"इंजिनाने दगा दिला, तर," ताई म्हणाली. "कबूल."

मग ताई रोज काम संपवून गॅरेजच्या एका कोपऱ्यात उभी राहू लागली. इंजिन खोललं गेलं. लेथवाल्याने ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाची, चारही भोकं घासून गुळगुळीत करून दिली आणि नवे पिस्टन, नव्या रिंगा आणून दिल्या. रिंग म्हणजे पिस्टनच्या गळ्याभोवती बसणारी लोखंडी कडी, एका जागी कापलेली. कापलेल्या टोकांमध्ये बारीकशी फट असते. नवी कडी येते ती फट फारच अरुंद ठेवून. कानशीने टोकं घासून ती हवी तेवढी रुंद करायची, हे बसवणाऱ्याचं काम.

"टर्बो लावताय ना ताई?" लेथवाला म्हणाला. त्याने फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा उघडून त्यातली एक जाडशी पट्टी वेगळी काढली. "मग एवढी ठेवा. नेहमीपेक्षा जास्त. ही पट्टी आरपार गेली पाहिजे."

"एवढी?"

"एवढी."

ताईने पट्टी हातात घेतली आणि तिला कसंसंच झालं. आयुष्यभर तिने फटीशीच तर भांडण मांडलं होतं. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये केसाएवढी जागा राहिली तरी माणसाचं जेवण नासतं, तो तोंड धरून तिच्या दारात उभा राहतो. फट म्हणजे आळस. फट म्हणजे कुणीतरी 'चालतंय' म्हणालं. लेथवाला भला माणूस होता, पण तो दिवसभर जाडजूड लोखंडाशी झटणारा. तिला वाटलं, हे माप राकट हातांसाठी असणार. चुकण्याला जागा ठेवलेली. माझ्या हाताला ती कशाला?

तिने आपल्या प्रयोगशाळेतली बारीक कानस आणली. डोळ्याला भिंग लावलं आणि कड्यांची टोकं इतकी सफाईने घासली, की वेल्डरसुद्धा काम सोडून बघत उभा राहिला. जाड पट्टी आत जाईल इथपर्यंत मात्र ती गेली नाही. साध्या गाडीला चालते तेवढ्याच फटीवर थांबली. चारही पिस्टन, सगळ्या कड्या, अगदी एकसारख्या. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

इंजिन बसलं, टर्बो बसला आणि ताईने चावी फिरवली. ना खडखड, ना धूर. आवाज असा नितळ की जवळ ठेवलेल्या भांड्यातलं पाणीही हललं नाही. धाकटा वाकून कान देऊन ऐकत राहिला. त्याला वाईट बोलायचं होतं, पण इंजिनाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे.

"गोड चालतंय," तो म्हणाला. मग स्वतःवरच चिडून, "उभ्या गाडीत काय, सगळीच गोड चालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हाताची घडी घालून ताईच्या शेजारी बसला. गाडी चढाला लागली. नेहमी जिथे इंजिन गुणगुणायला लागे, तिथे या वेळी कुठूनतरी बारीक शीळ ऐकू आली, आणि पाठीमागून कुणी हात लावून ढकलावं तशी गाडी पुढे झाली. धाकट्याची घडी आपोआप सुटली. त्याने दाराची मूठ धरली. पुढे बेकरीची व्हॅन होती. ताईने ती मागे टाकली! तिने स्वतः हात बाहेर काढून सलाम ठोकला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली, की धाकट्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. हा आवाज त्याने आजवर ऐकलाच नव्हता.

"बघितलंस? बघितलंस का, बाळ्या?"

"पुढे बघ, ताई!"

हॉस्पिटलच्या खालच्या वळणावर ताईने पाय आणखी दाबला. शीळ चढली. आणि तेवढ्यात खण्ण असा आवाज झाला, मग डब्यात चमचे हलवल्यासारखा खुळखुळाट. आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला. निळा धूर. गाडी कडेला जाऊन थांबली. व्हॅन मागून आली, हळू झाली. व्हॅनवाल्याने या वेळी सलाम केला नाही. नुसतं वाईट तोंड करून तो पुढे गेला.

धाकटा दार उघडून उतरला. टोमणा मारला असता तर ताईला उलट उत्तर देता आलं असतं.

"मी दोर घेऊन येतो," एवढंच तो म्हणाला.

इंजिन पुन्हा खोललं गेलं. तिसऱ्या पिस्टनची कड फुटून निघाली होती आणि तिच्यासोबत कडीचे तुकडे.

"सुई तुटली मशीनची," वेल्डर म्हणाला. कुणीच हसलं नाही, म्हणून तो ओशाळला.

धाकट्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू छानच केलं होतंस. तुझ्या कामात खोट नव्हती. त्या बिचाऱ्याची कुवतच तेवढी." आणि त्याने वेल्डरला खूण केली. साखळी करकरली आणि सहाचं इंजिन हळूहळू खाली यायला लागलं.

ताईने फुटलेला पिस्टन आणि कड्या रुमालात बांधल्या आणि ती चढ पायी चढून आपल्या खोलीत गेली.

टेबलाशी बसून तिने भिंगाखाली एकेक कडी धरली. तुटलेलीकडे बघण्यात अर्थ नव्हता. ती न तुटलेल्या बघत होती. दुसऱ्या पिस्टनची कडी. टोकं चकचकत होती, आरशासारखी. पहिल्याची, तीही. चौथ्याची, तीही. तिने काही ती अशी घासली नव्हती. तिच्या कानशीचे बारीक ओरखडे पुसले गेले होते. टोकं एकमेकांवर आपटून आपटून घासली गेली होती. म्हणजे चालू इंजिनात फट उरलीच नव्हती.

तिच्या पाठीमागे भट्टीत एक साचा तापत होता. रोजच तापायचा. धातूचा दात ओतायचा तर आधी साचा तापवून फुगवून घ्यायचा, कारण ओतलेला धातू निवताना आकसतो. हे ती झोपेतही सांगू शकली असती. तापलं की फुगतं. शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी ती हेच शिकवत आली होती. आणि टर्बोच्या इंजिनात साध्या इंजिनापेक्षा आग जास्त, म्हणून कडी जास्त तापणार, जास्त फुगणार, म्हणून फट जास्त. लेथवाल्याने चुकण्यासाठी जागा ठेवली नव्हती. फुगण्यासाठी ठेवली होती.



हे कुणालाच कळणार नव्हतं. धाकट्याने तर निकालही देऊन टाकला होता: तुझ्या कामात खोट नव्हती, इंजिनच कमकुवत. ती गप्प राहिली असती तर इंजिन भंगारात गेलं असतं, पण तिचे हात निर्दोष राहिले असते. डॉक्टर म्हणत होते तसे. इंजिन वाचवायचं तर सांगावं लागणार होतं की फोडलं मी. आणि ते बाळ्यासमोर सांगायचं! तो पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणाला ते वाढून घेणार.

तिने कपाटातल्या जबड्यांकडे पाहिलं. ते सगळे आ वासून बसले होते.

"हसा," ती त्यांना म्हणाली. रुमाल पुन्हा बांधून ती उठली.

गॅरेजमध्ये पोचली तेव्हा सहाचं इंजिन कूपेच्या बॉनेटवर टेकायच्या बेतात होतं. तिचं स्वतःचं इंजिन दाराजवळच्या भंगाराच्या ढिगाला टेकवून ठेवलेलं. आई खुर्चीवर बसून तमाशा बघत होती. घरी कंटाळा आला की ती इथेच येऊन बसे. दोनतीन गिऱ्हाइकं होती. लेथवालाही कसलंसं सामान घेऊन आला होता.

"थांबव ते," ताई म्हणाली.

"ताई, आपलं ठरलंय."

"साखळी धर आणि ऐक." तिने टेबलावर एक न फुटलेली कडी ठेवली. शेजारी माप घ्यायला लेथवाल्याने दिलेला सिलिंडरचा तुकडा. कडी आत बसवली. "ही फट दिसते सगळ्यांना? माझी. मी ठेवलेली. मला याने जास्त सांगितली होती." तिने लेथवाल्याकडे बोट केलं. "मी ऐकलं नाही."

कडी बाहेर काढून तिने ती चिमट्यात धरली. "आण रे तुझी ज्योत," ती वेल्डरला म्हणाली.

वेल्डरने मालकाकडे पाहिलं. मालक साखळी धरून उभा होता, त्याला मान हलवायचंही सुचलं नाही. वेल्डरने ज्योत पेटवली. कडी सगळीकडून तापवल्यावर ताईने ती थंड तुकड्यात बसवायला घेतली. बसेना. टोकाला टोक भिडलं. तिने वरून चिमट्याने दाबलं, तर कडी एका बाजूने कमानीसारखी उचलली गेली आणि टुणकन उडून आईच्या पायाशी पडली.

"अगंबाई!" आईने पाय वर घेतले.

"आत इंजिनात हिला उडायला जागा नव्हती," ताई म्हणाली. "म्हणून पिस्टन फुटला. इंजिन कमकुवत नाही. फोडलं मी."

धाकटा तिच्याकडे असा बघत होता, जसं कुणी रोजच्या रस्त्यावर अचानक नवं घर उभं राहिलेलं बघावं.

"म्हणजे तू चुकलीस," तो म्हणाला.

"हो."

"परत म्हण."

"एकदा म्हटलंय ते पुरे. जपून वापर."

धाकटा भानावर आला. "बरं, चुकलीस. मग तर विषयच मिटला! शब्द दिला होतास."

"इंजिनाने दगा दिला तर, असा दिला होता. इंजिनाने दिला नाही, मी दिला."

"हा वकिली कावा झाला!"

"असेल. इंजिन माझं आहे."

"आणि पुन्हा फुटलं तर?"

"पुन्हा बांधीन."

"आणि पुन्हा?"

"तेव्हाही तू असाच साखळी धरून उभा राहा आणि विचार. मी पुन्हा बांधीन. तुझं सहाचं माझ्या गाडीत येणार नाही, बाळ्या. ते चांगलं असेल, माझ्या इंजिनाच्या दुप्पट चांगलं असेल. माझं नाही. मला चढावर पोचायचं आहे ते माझ्या गाडीतून. कुणाच्या पाठुंगळीला बसून नाही."

"हट्टी आहेस."

"आता कळलं?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. लहानपणापासून शेवटचा निवाडा तिथेच होई. "आई, सांग हिला काहीतरी."

आईने पाय खाली ठेवले, सावकाश पदर सारखा केला आणि तोंडातली वरची कवळी बाहेर काढून हातात धरली. गिऱ्हाइकांपैकी एक जण दुसरीकडे बघायला लागला.

"ही हिने मला तीनदा करून दिली," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "पहिली दोन मी भिरकावून दिली. टोचायची. पण कवळी बसत नाही म्हणून कुणी माझं तोंड बदलायला निघालं नाही हो." कवळी परत बसवून तिने दात एकदा वाजवले. "बाळ्या, ते वर घे. कुणाच्या तरी पायावर पडेल."

वेल्डर हसायला लागला आणि या वेळी त्याने काच ओढून घेतली नाही. धाकट्याचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण माझ्या जागेत नाही. मी हात लावणार नाही, माणसं देणार नाही."

"देऊ नका," भावजय आतून म्हणाली. तिच्या खोलीतून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. "स्पेअर पार्ट्सची खोली माझी आहे. वन्सं, ब्लॉक इकडे आणा. टेबल रिकामं केलंय."

ब्लॉक उचलायला ताई आणि भावजय वाकल्या. तो हलेना. मग लेथवाला आला. मग वेल्डर, मालकाची नजर चुकवत. उंबऱ्याशी तो अडकला तेव्हा मागून आणखी एक हात लागला. तो कुणाचा हे ताईला बघायची गरज पडली नाही. काळ्या ग्रीसने माखलेलं नख तिने लहानपणी पुष्कळदा कापून दिलं होतं.

"हात लावणार नव्हतास ना?"

"उंबरा माझा आहे," धाकटा म्हणाला. "तुटला असता."

त्या कड्या घासणं हे ताईने आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम होतं. जाड पट्टी आरपार जाईपर्यंत घासायचं होतं. प्रत्येक घासणीला तिचे हात म्हणत होते, बस, आता बस, हे ओबडधोबड होतंय. ती हातांना म्हणत होती, तुम्ही गप्प राहा. शेवटी पट्टी आत गेली, सैल, हलत. ताईने डोळे मिटले आणि पुढची कडी घेतली. पिस्टनही या वेळी नवे आणले आणि लेथवाल्याच्या मापाने, फुगायला जागा ठेवून, जरा सैलच बसवले.

दरम्यान सहाचं इंजिन गॅरेजच्या मधोमध तसंच लोंबत राहिलं. मग बेकरीची व्हॅन एके दिवशी दोर बांधून आली. तिचं इंजिन पार गेलं होतं. धाकट्याच्या डोळ्यांत चमक आली. "तुम्ही राहू द्या," तो व्हॅनवाल्याला म्हणाला, "मी करतो."

मग ती सकाळ आली. थंडी बरीच होती. चढाच्या पायथ्याशी लाल कूपे उभी होती आणि तिच्या शेजारी, योगायोगाने म्हणा किंवा धाकट्याने मुद्दाम तशी वेळ साधली होती म्हणा, बेकरीची व्हॅन. व्हॅन चालवायला स्वतः धाकटा बसला होता. चाचणी घ्यायची आहे, असं त्याने सांगितलं होतं. व्हॅनवाला शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसला होता.

ताईने चावी फिरवली.

आवाज नितळ नव्हता. थंड इंजिन खडखडत होतं, टकटकत होतं, मागून फिकट धुराची रेघ जात होती. सैल कड्या, सैल पिस्टन, सगळं आपापली जागा धरून बसायचं बाकी. पूर्वीची ताई असती तर लाजेने चावी बंद केली असती. शेजारच्या सीटवर आई बसली होती. मागे कुणी बसायचंच नाही असं ठरलेलं असल्यामुळे पुढचा मान तिलाच मिळाला होता.

व्हॅनची काच खाली झाली. सहाचं इंजिन आत मांजरासारखं गुरगुरत होतं. "ताई!" धाकटा ओरडला. "खडखडतंय गं!"

"खडखडू दे!"

"हे बघ कसं चालतंय! अजून वेळ गेली नाही!"

"तुझं थंडच चांगलं चालतं, बाळ्या," ताई म्हणाली. "माझं गरम होऊ दे जरा."

व्हॅन डरकाळी फोडून पुढे निघाली. ब्रेडची खोकी आत धडाधडा आपटली. ताई घाई न करता मागे लागली. पहिल्या वळणापर्यंत खडखड चालू होती. मग ती विरळ झाली, मग कधी थांबली ते कळलंही नाही, आणि कुठूनतरी ती बारीक शीळ आली.

"कुकर लागला का गं कुठे?" आईने विचारलं.

"आपलाच आहे."

हॉस्पिटलखालचं वळण जवळ आलं, जिथे मागच्या वेळी खण्ण झालं होतं. ताईच्या पायाने तिथे आपसूक दाबणं सोडलं. क्षणभर गाडी मंदावली. आईने तिच्याकडे पाहिलं. पुढे व्हॅनच्या आरशात धाकट्याचा चेहरा दिसत होता. तोही आरशातूनच बघत होता, आणि हसत नव्हता. ताईला वाटलं, त्यालाही भीती वाटते आहे. माझ्यासाठी. नेहमीसारखीच.

"काय गं," आई म्हणाली, "इथे उतरायचंय का?"

ताईने पाय दाबला, पार तळापर्यंत. शीळ चढली आणि चढतच राहिली. वळण आलं आणि मागे गेलं. इंजिनात काहीही आपटलं नाही. व्हॅनचं मागचं दार मोठं होत गेलं, मग बाजूला सरकलं, आणि उघड्या खिडकीतून धाकटा हातवारे करत काहीतरी ओरडताना दिसला. स्प्रिंगा बदल म्हणत होता, की ब्रेक बदल. वाऱ्यात शब्द कळेनात.

आईने काच खाली करून त्याला हात हलवला.